रिप्लाय: प्रार्थनेनंतरचा आरोग्य वर्ग, रिपोर्ट

मंडळी,
रिपोर्ट जोडलाय. शेवटपर्यंत टिकलेल्या बहुतेकांचं बीपी उतरलंय, वजनही थोडं कमी झालंय. डायबेटिसचा धोका 58 टक्क्यांनी कमी होतो हेही टाकलंय. याच जोरावर पुढच्या वर्षासाठी निधी मागूया का?
– ताई, आरोग्य समिती

ताई,
मेहनत दिसतेय, पण मधेच गळालेले कुठे गेले? ज्यांचं वजन हलत नाही तेच आधी यायचे बंद होतात, मग उरलेल्यांची सरासरी झकास दिसणारच. ते 58 टक्के तर काढाच, तो 2002 च्या डीपीपीचा, म्हणजे अमेरिकेतल्या डायबेटिस टाळण्याच्या मोठ्या अभ्यासाचा आकडा आहे, तिथे एकेकाला कोच, 16 धडे, आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम, आपल्याकडे प्रार्थना संपली की निम्मे लोक गाडीची किल्ली शोधत असतात.

आणि बीपी मोजलं कसं? जिना चढून आलेल्या माणसाला गप्पा मारत मारत बाहीवरूनच पट्टा बांधला तर आकडा फुगणारच, नंतर तोच माणूस निवांत बसला की "सुधारणा". पाच मिनिटं शांत बसवा, पाय जमिनीला टेकलेले, दंड उघडा, दोनदा मोजा.

न्यूयॉर्कमधल्या 32 कृष्णवर्णीय चर्चमध्ये फेथ नावाची ट्रायल झाली, 2018 ला छापून आली. वर्ग कोणाला आणि नुसती माहिती कोणाला, याच्या चिठ्ठ्या चर्चवार टाकल्या, माणसांवार नाही, कारण एका ठिकाणची माणसं एकमेकांना सांगितल्याशिवाय राहतात होय! 6 महिन्यांनी वर्गवाल्यांचं वरचं बीपी साधारण 16 ने उतरलं, पण ज्यांना नुसती आरोग्य माहिती दिली त्यांचंही 10 च्या वर उतरलं. म्हणजे खरा फरक 6 च्या आसपास, आणि 9 महिन्यांनी तोही ठामपणे सांगता येईना. तुलनेला गटच नसता तर सगळे 16 आपल्या खात्यात जमा केले असते.
– काका

काका,
गळालेल्यांना फोन करते. पण चिठ्ठी टाकून अर्ध्यांना नाही कसं म्हणायचं, लोक रुसतील.
– ताई

नाही म्हणायचंच नाही, उशिरा घ्यायचं. अर्ध्या शाखांत वर्ग आत्ता, उरलेल्यांत सहा महिन्यांनी, मोजमाप मात्र सगळ्यांचं आजपासून. आणि मोजणारा वर्ग घेणाऱ्यांपैकी नको, तुम्हीपण नको, रागावू नका.
– काका