लॅबसाठी एनपीएमचा स्वतःचा मिरर: सगळं उतरवायचं की लागेल तेवढंच?

लॅबवाली_कोकण

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची कॉम्प्युटर लॅब माझ्याकडे आहे. पावसाळ्यात कुठेतरी केबल तुटते आणि नेट जातं ते लवकर येत नाही. नेट असतं तेव्हा सगळी बॅच एकदम एनपीएम इन्स्टॉल (जावास्क्रिप्टची तयार पॅकेजेस नेटवरून उतरवायची कमांड) सुरू करते, मग निम्म्या मुलांचं मध्येच अडकतं. एक जुना सर्व्हर मोकळा आहे, त्यावर उबुंटू आहे. मुलांच्या मशीनवर विंडोज. मिरर म्हणून, म्हणजे पॅकेजांच्या प्रती आपल्याच सर्व्हरवर ठेवायला, व्हर्डाचिओ हा प्रोग्राम वापरा असं वाचलं. अख्खं एनपीएम उतरवून ठेवावं लागतं का? मूळ ठिकाणाहून एखादं पॅकेज काढून टाकलं तर आमच्याकडे राहील का? आणि दुसऱ्यांचा कोड आपल्या सर्व्हरवर ठेवणं परवान्यात बसतं ना? हे शेवटचं आमचे एचओडी (विभागप्रमुख) सर नक्की विचारणार.

बिल्ड_सांभाळणारा

ताई, अख्खं एनपीएम उतरवायच्या फंदात पडू नका. व्हर्डाचिओ मुलाने मागितलेलं पॅकेज मूळ रजिस्ट्रीतून, म्हणजे एनपीएमच्या भांडारातून आणतो, डिस्कवर ठेवतो आणि पुढच्या मुलाला तिथूनच देतो. जुन्या सर्व्हरला हे काम जड नाही. मुलांच्या मशीनवर रजिस्ट्रीचा पत्ता तेवढा बदलायचा. पोर्ट ४८७३ असतो.

परवान्याचं सरांना सरळ सांगा: एमआयटी, बीएसडी, अपाची, जीपीएल या सगळ्यांत प्रत पुढे द्यायची मुभा आहे. पॅकेज न उघडता जसंच्या तसं ठेवलंत की त्यातली परवान्याची फाइलही सोबत राहते. 'अनलायसन्स्ड', म्हणजे कुणालाच परवाना दिलेला नाही, असं लिहिलेलं एखादं सापडलं तर तेवढं बाजूला काढा.

काढून टाकलेल्या पॅकेजचं विचारलंत ते फार महत्त्वाचं आहे. २२ मार्च २०१६ ला लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि त्यावर अवलंबून असलेले जगभरचे बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायची प्रक्रिया) कोसळले. त्यानंतर एनपीएमने नियम कडक केले, आता प्रकाशित करून ७२ तास उलटल्यावर पॅकेज काढणं सोपं राहिलेलं नाही. तरी ज्यांच्याकडे स्वतःची प्रत होती त्यांना त्या दिवशी कुणाच्या नियमाची वाट पाहावी लागली नाही. म्हणून मी जिथे काम करतो तिथे प्रत ठेवल्याशिवाय बिल्ड पुढे जाऊच देत नाही.

पण कधीतरी इन्स्टॉल झालं होतं म्हणजे प्रत आहे, असं धरून चालू नका. सर्व्हरचं बाहेरचं नेट बंद करा. मुलांच्याच एका विंडोज मशीनवर नोड-मॉड्यूल्स (प्रोजेक्टमधलं इन्स्टॉल झालेल्या पॅकेजांचं फोल्डर) उडवा, एनपीएमची त्या मशीनवरची कॅशेही (आधी उतरवलेल्याचा साठा) रिकामी करा, नाहीतर पॅकेज तिथूनच उचललं जाईल आणि मिरर भरलाय असं वाटेल. मग एनपीएम सीआय (लॉक फाइलमधल्या नेमक्या आवृत्त्या नव्याने इन्स्टॉल करणारी कमांड) चालवा. पूर्ण झालं तरच मिरर आहे म्हणायचं.

विंडोज मुद्दाम म्हटलं. व्हीट हे वेबसाइट बनवायचं साधन वापरत असाल तर त्याच्या ७ पर्यंतच्या आवृत्त्यांतलं ईएसबिल्ड प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळं पॅकेज आणतं. सर्व्हरवर उबुंटूतून इन्स्टॉल करून साठा भरलात तर लिनक्सचंच येईल, आणि नेट गेल्यावर सगळी लॅब अडेल.

पायथन_मावशी

पायथनची प्रॅक्टिकल्स असतील तर डेव्हपी बघा, पायथनच्या पॅकेजांसाठी व्हर्डाचिओसारखंच, तत्त्व तेच. तिथेही बऱ्याच पॅकेजांची व्हील फाइल (इन्स्टॉलला तयार पॅकेज) ऑपरेटिंग सिस्टिमनुसार आणि पायथनच्या आवृत्तीनुसार वेगळी असते, तेव्हा साठा मुलांच्या मशीनवरूनच भरा. बँडरस्नॅच हा प्रोग्राम पायथनच्या पूर्ण मिररसाठी आहे, लॅबला त्याची गरज नाही.

लॅबवाली_कोकण

आभार दादा, आभार मावशी. काल व्हर्डाचिओ चालू केला. नेट काढून बघितलं, विंडोजवर चाललं! पण एका मुलाने प्रोजेक्ट घरी नेला तर तिथे इन्स्टॉलच होईना, लॅबच्या सर्व्हरचा आयपी शोधत बसतंय.

बिल्ड_सांभाळणारा

प्रोजेक्टमधली पॅकेज-लॉक फाइल उघडा, कुठलं पॅकेज कुठून आणलं ते एनपीएम त्यात लिहून ठेवतं. 'रिझॉल्व्ड'पुढे तुमच्या सर्व्हरचा पत्ता लिहिला गेलाय. मूळ एनपीएमचा पत्ता असेल तर एनपीएम तो आपोआप बदलून घेतं, दुसरा कुठला असेल तर तसाच ठेवतं. 'ऑमिट-लॉकफाइल-रजिस्ट्री-रिझॉल्व्ड' हे सेटिंग चालू करून लॉक फाइल नव्याने बनवा, पत्ता लिहिलाच जाणार नाही. चीनमध्ये टाओबाओ या खरेदीच्या साइटच्या एनपीएम मिररचं हेच झालं. पत्ता बदलला होता, पण जुना पत्ता असंख्य लॉक फाइलींमध्ये राहिला. जानेवारी २०२४ मध्ये त्या जुन्या पत्त्याचं सर्टिफिकेट संपलं आणि ते प्रोजेक्ट इन्स्टॉल होईनात.

त्याच फाइलमधल्या 'इंटिग्रिटी'च्या ओळीला मात्र हात लावू देऊ नका. त्यात हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण असते, प्रत मुळासारखीच आहे हे त्यावरूनच कळतं. एखाद्या लायब्ररीत दुरुस्ती हवी असेल तर ती कॉलेजच्या स्कोपखाली (पॅकेजच्या नावाआधी कॉलेजचं नाव लावून) वेगळ्या नावाने प्रकाशित करा. मूळ नाव आणि मूळ आवृत्ती ठेवून आतला कोड बदलणं ही मुलांची फसवणूक होईल, मग हेतू कितीही चांगला असो.

आणखी एक. ८ सप्टेंबर २०२५ ला चॉक, डीबग या खूप वापरल्या जाणाऱ्या पॅकेजांची देखभाल करणाऱ्याला फसव्या मेलने गाठून कुणीतरी विषारी आवृत्त्या चढवल्या. काही तासांत त्या एनपीएमवरून काढल्या गेल्या. पण त्या वेळात तुमच्या सर्व्हरने त्या उचलल्या असत्या तर तिथून त्या आपोआप गेल्या नसत्या, साठ्यात जाऊन हातानेच पुसाव्या लागल्या असत्या. म्हणून सत्राच्या सुरुवातीला प्रॅक्टिकलची पॅकेजेस भरून घ्या आणि व्हर्डाचिओच्या कॉन्फिगमधली प्रॉक्सीची ओळ (जिच्यामुळे तो मूळ एनपीएमकडून पॅकेज आणतो) काढून टाका. प्रोजेक्टवाल्या मुलांना नवीन काही हवं असेल तर ती ओळ तेवढ्यापुरती परत घाला.

लॅबवाली_कोकण

प्रोजेक्टवाल्यांसाठी शनिवार ठेवते, तेव्हा मी स्वतः लॅबमध्ये असते. मावशी, डेव्हपी याच सर्व्हरवर चालेल का?

पायथन_मावशी

चालेल. पोर्ट वेगळा आहे, ३१४१. डिस्कवर जागा किती उरली तेवढं आधी बघा, मशीन लर्निंगची व्हील्स फार मोठी असतात.