सिंगल माल्ट निवडताना प्रदेश पाहावा, वय पाहावं की पिंप? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दोनेक वर्षांपासून व्हिस्की मन लावून चाखतो आहे, मुख्यतः सिंगल माल्ट, म्हणजे एकाच कारखान्यात फक्त माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून) केलेली. प्रमाण थोडंच, पण दर वेळी वहीत नोंद असते: वास, पहिला घोट, मागे रेंगाळणारी चव. तीसेक बाटल्यांच्या नोंदी झाल्या. परवा त्या सलग वाचल्या आणि गोंधळ वाढला, म्हणून विचारतो आहे.

सुरुवातीला सगळ्यांनी सांगितलं की आधी प्रदेश समजून घे. स्कॉटलंडच्या कायद्यात पाच प्रदेश आहेत: हायलँड, लोलँड, स्पेसाइड, आयला आणि कॅम्पबेलटाउन. स्पेसाइड म्हणजे फळं आणि मध, आयला म्हणजे धूर, असं मी पाठ केलं. मग बुनाहावन १२ घेतली. ती आयलाचीच, पण धूर शोधूनही सापडेना. मनुका, खारटपणा, थोडा अक्रोड. फार आवडली. त्याच बेटावरची आर्डबेग १० म्हणजे विझत आलेल्या शेकोटीशेजारी कुणी लिंबू कापावं तशी, तीही आवडली. आणि ग्लेनड्रोनाक १२ हायलँडची असूनही माझ्या वहीत बुनाहावनच्या शेजारी जाऊन बसते, कारण दोन्ही शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांत मुरलेल्या. मग प्रदेशावरून निवड करायची तरी कशी?

वयाचंही तेच. भेट मिळालेली एक १८ वर्षांची बाटली (नाव देत नाही) ४० टक्के अल्कोहोलची होती. उघडताना केवढी उत्सुकता होती! पण घोट जिभेवर टेकतो न टेकतो तोच चव विरून गेली. उलट क्लायनलिश १४ ही ४६ टक्क्यांची. तिचा तो मेणासारखा गुळगुळीत स्पर्श मी अजून विसरलो नाही.

खरी अडचण नाकाची आहे. ग्लेनफार्क्लास १०५ ही ६० टक्क्यांची बाटली उघडली की दोन हुंगण्यांत नाक बधिर होतं आणि मग सगळ्याच व्हिस्कीला स्पिरिटचा वास येतो. ग्लास ट्युलिपच्या आकाराचा, नीटच आहे. पाणी घालावं तर किती, आणि घातलं की चव मरते का?

पुढची बाटली स्प्रिंगबँक १०, टॅलिस्कर १० आणि रेडब्रेस्ट १२ यांतून घ्यायची आहे. नुसती आवडेल अशी नको, काहीतरी शिकवून जाईल अशी हवी.

प्रतिसाद १

तुमच्या वहीनंच अर्धं उत्तर दिलंय. प्रदेशाचं नाव दारू कुठे गाळली एवढंच सांगतं. चव कशी असावी याबद्दल कायदा काहीच म्हणत नाही. धूर येतो तो बार्लीचा माल्ट पीटच्या (दलदलीतून खणून काढलेल्या, वाळवलेल्या मातीसारख्या इंधनाच्या) आगीवर वाळवल्यामुळे, आणि बुनाहावनचा नेहमीचा माल्ट बिनपीटचा असतो. लेबलवर किंवा जाहिरातीत पीटचा जो पीपीएम आकडा (धुराच्या अंशाचं प्रमाण, दहा लाखांत किती) दिसतो, तोही बहुतेक वेळा माल्टचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नाही. लागावुलिन आणि काल ईला या दोघींचा माल्ट एकाच पोर्ट एलनच्या माल्टखान्यातून येतो, तरी धूर वेगवेगळा लागतो. फरक पडतो तो दारू गाळण्याच्या भट्टीचा आकार आणि ऊर्ध्वपातनात सुरुवातीचा व शेवटचा सोडून मधला भाग कुठून कुठपर्यंत काढून घेतला यामुळे.

वयाचा आकडा हा बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचा. पण ती कसल्या पिंपात बसली होती हे तो सांगत नाही. अमेरिकेत बर्बन या तिथल्या व्हिस्कीसाठी आतून जाळलेलं कोरं ओकचं पिंप लागतं, म्हणून वापरलेली पिंपं स्कॉटलंडला मिळतात. तिथे तेच पिंप दोनदा-तीनदा भरतात. थकलेल्या पिंपात १८ वर्षं काढूनही व्हिस्कीला फारसं काही मिळत नाही. शिवाय ४६ टक्क्यांच्या खाली आणलेली व्हिस्की थंडीत किंवा पाण्यानं गढूळ होते, ती होऊ नये म्हणून बरेच जण ती थंड करून गाळतात. त्यात घोटाला अंग देणारा थोडा स्निग्ध अंश निघून जातो.

पाण्याला घाबरू नका. व्यावसायिक ब्लेंडर वास घेताना व्हिस्की साधारण २० टक्क्यांपर्यंत पातळ करतात. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर दाखवलं की पाणी मिसळल्यावर ग्वायकॉल, म्हणजे धुरकट वासाचा रेणू, पृष्ठभागाकडे सरकतो. तुमच्या १०५ च्या ३० मिलीत साधारण ९ मिली पाणी घातलंत की ती ४६ टक्क्यांच्या आसपास येते. ड्रॉपरनं घाला, दर वेळी हुंगा आणि कुठल्या थेंबाला ती खुलली ते लिहून ठेवा.

बाटली रेडब्रेस्ट घ्या. ती आयर्लंडची. तिच्यात माल्ट केलेली आणि न केलेली अशी दोन्ही प्रकारची बार्ली असते आणि ऊर्ध्वपातन तीनदा होतं. शेरीची पिंपं तिलाही आहेत, धूर नाही. म्हणजे ग्लेनड्रोनाकच्या शेजारी ठेवलीत की पिंपाकडून येणारं बरंचसं सारखं असेल आणि दारूचा स्वतःचा स्वभाव वेगळा कळेल. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तरच नाक शिकतं.

प्रतिसाद २

मी स्प्रिंगबँक म्हणेन. अडीच वेळा ऊर्ध्वपातन (काही भाग दोनदा, काही तीनदा), थोडा पीट, आणि लागणारी सगळी बार्ली ते स्वतःच जमिनीवर पसरून माल्ट करतात. एका ग्लासात इतकं काही दुसरीकडे क्वचितच मिळतं.

रंगावर मात्र जाऊ नका, स्कॉचमध्ये साधा कॅरॅमल रंग घालायला परवानगी आहे. आणि नाक बधिर झालं की स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या, दोन मिनिटांत ते ताळ्यावर येतं. डोळे मिटून लवंग, दालचिनी, संत्र्याची साल रोज हुंगा. नाव जिभेवर असेल तरच वास सापडतो.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. रेडब्रेस्ट आणली. काल घरच्यांना सांगून तीन सारख्या ग्लासांत ओतून घेतली, तळाला खुणा करून: रेडब्रेस्ट, ग्लेनड्रोनाक, बुनाहावन. रेडब्रेस्ट पहिल्याच हुंगण्यात वेगळी काढली. तिच्यात तेलकट गुळगुळीतपणा आहे आणि घोटाच्या शेवटी मसाला जिभेच्या कडांना लागतो. बाकीच्या दोघींत मात्र दोनदा फसलो. तिसऱ्यांदा खारटपणावरून बुनाहावन ओळखली तेव्हा केवढा आनंद झाला!

१०५ मध्ये सातव्या-आठव्या मिलीला संत्र्याची साल आली. इतके महिने ती त्या बाटलीतच होती आणि मला दिसली नव्हती.

आता आणखी एक. आर्डबेगची बाटली तळाशी तिसरा हिस्सा उरली आहे आणि चार महिने उघडी आहे. धूर खाली बसल्यासारखा वाटतो, लिंबू वर आलंय. हे हवेमुळे होतं, की माझं नाकच पीटला सरावलंय? उरलेली छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवू का, की महिनाभर पीटपासून दूर राहून मग पुन्हा चाखू?