हात कधी बसला? इंटर्नशिपचे अनुभव

एम.बी.बी.एस.च्या साडेचार वर्षांनंतरचे सक्तीच्या इंटर्नशिपचे वर्ष हाताने शिकण्यासाठी असते. परंतु नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा डोक्यावर असल्यामुळे ते वाचनालयात घालवावे की वॉर्डात, हा पेच प्रत्येक तुकडीपुढे असतो. आपण कोणते काम कोणाकडून शिकलात, आणि त्या वेळी शिकण्याची इच्छा खरोखर होती का, हे मोकळेपणाने लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते.

बालरोग वॉर्डात जुलाबाने सुकून गेलेल्या एका बाळाला सलाईन लावताना माझे दोन प्रयत्न फसले आणि त्याच्या आईकडे पाहण्याचे धैर्य मला होईना. रात्रपाळीच्या सिस्टरांनी चोवीस नंबरची पिवळी कॅन्युला, म्हणजे सलाईनची बारीक सुई-नळी, माझ्याच हातात ठेवली, बाळाचा तळहात स्वतः धरला आणि म्हणाल्या, "रक्त दिसलं की सुई आडवी करा, केसभर पुढे घ्या, मग नुसती नळी सरकवा, डॉक्टर." नळी सरकली. त्या रात्रीनंतर मी प्रत्येक सलाईन मागून घेऊ लागले.

*

मी मात्र टाळत राहिलो, हे आज कबूल करतो. लॉगबुकात प्रसूतींची संख्या पूर्ण होती, पण त्यांतल्या बहुतेक मी दारातून पाहिल्या होत्या. बाँडच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या, वर्षी प्राथमिक आरोग्य केंद्रात मध्यरात्री एका बाईंची प्रसूतीची जखम शिवायची वेळ आली, तेव्हा टाक्याची सुरुवात जखमेच्या वरच्या टोकाच्याही थोडी वरून करायची असते, हे मला केंद्रातल्या अनुभवी नर्सबाईंनी सांगितले. पुस्तकात मी ते वाचले होते. हाताला ठाऊक नव्हते. त्या बाईंना माझ्यामुळे जास्त वेळ वेदना सोसाव्या लागल्या, याची टोचणी अजून आहे.

*

इच्छा असूनही वेळ मिळत नाही, हेही लिहायला हवे. रक्ताचे नमुने पोहोचवणे आणि रिपोर्ट शोधून आणणे यांतच आमची पाळी संपत असे. इंटर्नला आळशी म्हणण्याआधी त्याच्या हातात दिवसभर काय दिले जाते, ते पाहावे.

*

मी सध्या सर्जरीची निवासी डॉक्टर आहे. होस्टेलच्या खाटेच्या दांड्याला रेशमी धागा बांधून गाठी मारण्याचा सराव मी महिनोन्‌महिने केला. आता इंटर्नला टाके घालायला देण्याआधी "याआधी किती वेळा केलंस?" असे विचारते, आणि उत्तर "एकदाही नाही" असले तर हातमोजे घालून त्याच्या शेजारी उभी राहते.