भाताच्या करप्याला दोन शास्त्रीय नावे का?

मृणाल, कोथरूड

नमस्कार. आमच्या मामांची मावळात इंद्रायणी भाताची खाचरे आहेत. यंदा ढगाळ हवा आणि रिमझिम लांबली तसे पानांवर करप्याचे ठिपके दिसू लागले, म्हणून घरातली जुनी-नवी माहितीपत्रके काढून वाचली. एका पत्रकात करपा रोग आणणाऱ्या बुरशीचे नाव ‘मॅग्नापोर्थे ओरायझी’ असे आहे, तर दुसऱ्यात ‘पिरिक्युलॅरिया ओरायझी’. लक्षणे दोन्हीकडे सारखीच दिली आहेत. या दोन वेगळ्या बुरशी आहेत का? बुरशीचे नाव कोण ठरवते आणि ते बदलते कशामुळे? जगात बुरशींच्या पंधरा लाख जाती आहेत असे वाचनात येते, ती मोजदाद कशी केली असेल, हेही कोणी समजावून सांगावे ही विनंती.

निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक, सदाशिव पेठ

मृणालताई, बुरशी एकच आहे. पुष्कळ बुरशींचे आयुष्य दोन रूपांत चालते: एक रूप अलैंगिक बीजाणू (बुरशीचा प्रसार करणारे बीसारखे सूक्ष्म कण) तयार करते, दुसरे लैंगिक, आणि दोन्ही रूपे एकमेकांपासून इतकी वेगळी दिसतात की पूर्वीच्या अभ्यासकांनी त्यांना स्वतंत्र नावे दिली आणि नियमांनीही तशी मुभा ठेवली. करप्याच्या बाबतीत शेतात दिसते ते अलैंगिक रूप म्हणजे पिरिक्युलॅरिया. लैंगिक रूपाचे नाव मॅग्नापोर्थे. 2011 साली मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ही मुभा काढून घेण्यात आली आणि ‘एक बुरशी, एक नाव’ हे तत्त्व लागू झाले.

मग दोहोंपैकी पिरिक्युलॅरियाच का राखायचे? कोणतेही प्रजातीनाम, म्हणजे शास्त्रीय नावाचा पहिला शब्द, एका ठरावीक जातीला बांधलेले असते. मॅग्नापोर्थे हे नाव ज्या जातीवर बेतलेले होते ती भाताच्या खोडकुजीची बुरशी आहे, आणि डीएनए तपासल्यावर करप्याची बुरशी तिच्या तितकी जवळची नाही असे दिसून आले. साहजिकच ते नाव करप्याच्या बुरशीला लावणे बरोबर ठरत नव्हते. 2016 साली तज्ज्ञांच्या गटाने पिरिक्युलॅरिया वापरावे अशी शिफारस केली. तुमच्याकडच्या पत्रकांपैकी कोणतेही चुकीच्या रोगाबद्दल बोलत नाही, हे मामांना अवश्य सांगा.

नव्या जातीला नाव देणारा अभ्यासकच असतो, पण मनाला येईल तसे देता येत नाही. वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत छापावे लागते, वाळवलेला मूळ नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो, आणि 2013 पासून मायकोबँकसारख्या मान्य नोंदणीत क्रमांक घेतल्याशिवाय बुरशीचे नाव ग्राह्य धरले जात नाही. नुसता डीएनएचा क्रम हाती असून भागत नाही, नमुना हवाच. आपल्या पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत असा वाळवलेल्या बुरशी-नमुन्यांचा संग्रह आहे, तो बुरशीतज्ज्ञ आजरेकरांच्या नावाने ओळखला जातो, आणि जिवंत बुरशी जपणारा राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रहही तेथेच आहे.

गौरी, हडपसर

माझे माहेर तासगावकडचे, द्राक्षांचे. वर्गीकरणाचा आमच्या बागेत रोज संबंध येतो, म्हणून लिहिते. भुरी आणि केवडा हे दोन्ही रोग द्राक्षावर येतात आणि दोन्हींना सगळे बुरशीच म्हणतात; पण भुरी ही खरी बुरशी आहे आणि केवडा नाही. केवड्याचा जीव तपकिरी समुद्री शैवालांच्या नात्यातला आहे, त्याच्या पेशीभित्तीत सेल्युलोज असते. खऱ्या बुरशीच्या भित्तीत कायटिन असते, तेच जे किड्यांच्या कवचात असते, आणि नात्याने बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. मेटॅलॅक्झिल हे फवारणीचे औषध केवड्यावर चालते, भुरीवर त्याचा उपयोग होत नाही. भुरीला गंधक लागते. ज्याला हे नाते ठाऊक नाही त्याचे फवारणीचे पैसे वाया जातात.

अनिकेत, औंध

मोजदादीबद्दल. पंधरा लाख हा आकडा 1991 साली ब्रिटिश बुरशीतज्ज्ञ डेव्हिड हॉक्सवर्थ यांनी मांडला. ब्रिटनमध्ये वनस्पतींची आणि बुरशींची पाहणी इतर देशांपेक्षा बारकाईने झालेली आहे, आणि तेथे एका वनस्पती-जातीमागे सुमारे सहा बुरशी-जाती निघतात. तेच गुणोत्तर जगभरच्या वनस्पतींना लावून हा अंदाज आला. 2017 साली त्यांनीच रॉबर्ट ल्यूकिंग यांच्यासह तो 22 ते 38 लाखांपर्यंत वाढवला. नाव आणि वर्णन मिळालेल्या जाती मात्र सुमारे दीड लाखच आहेत. वर्षाला दोन हजारांच्या आसपास नव्या जातींची भर पडते, त्या वेगाने 22 लाखांचा आकडा गाठायलाही हजार वर्षे लागतील. माझ्या मते खरी उणीव उष्ण प्रदेशांतल्या पाहणीची आहे आणि त्यात आपला सह्याद्री येतो.

मृणाल, कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. काल महाविद्यालयाच्या सूक्ष्मदर्शकातून मी एक ठिपका पाहिला. ठिपका चौकटच्या पत्त्यावरील खुणेसारखा होता, दोन्ही टोकांना निमुळता, मधोमध राखाडी आणि कडेने तपकिरी. त्यावर चिकटपट्टी दाबून ती काचेवर लावली, तेव्हा पारदर्शक बीजाणू दिसले: एका टोकाला फुगीर, दुसऱ्या टोकाला निमुळते, आणि आत दोन पडदे, म्हणजे तीन कप्पे. हा आकार मला पेअरच्या फळासारखा वाटला. पिरिक्युलॅरिया नाव त्यावरूनच आले का?

निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक, सदाशिव पेठ

होय, त्यावरूनच. ती पाने वर्तमानपत्रात दाबून वाळवा, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, त्यांना घाम सुटून दुसरीच बुरशी चढते. पाकिटावर गाव, तारीख आणि भाताचे वाण लिहून ठेवा.