मदत हवी आहे: नेतृत्व आणि समाधान यांचा सहसंबंध ०.७१ आलाय, खरा धरू का?

प्रबंधवाली: विषय: इन्चार्ज सिस्टरचं नेतृत्व आणि परिचारिकांचं समाधान. ३० वॉर्ड, प्रत्येकी ७ परिचारिका. दोन्ही प्रश्नावल्या एकाच फॉर्मवर, एकाच बैठकीत भरून घेतल्या. हार्मन चाचणीत (सगळी उत्तरं एकाच व्यक्तीकडून एकाच वेळी घेतल्याने सहसंबंध फुगलाय का, ते बघणारी) पहिल्या घटकात ३८ टक्के चढउतार, म्हणजे ५०च्या आत. गाइड म्हणतात, लिहायला घ्या. व्हायवात कुठे अडकेन? दुसरी फेरी घ्यायला परवानगी आहे.

आकडेमोड: हार्मनवरच अडकाल. चाचणी फार ढोबळ. दोष असतानाही ५०च्या खाली सहज बसते. ज्या बाईने सिस्टरला गुण दिले तिनेच, त्याच मूडमध्ये, समाधानाचे आकडे भरलेत. १९७०च्या दशकात रॉबर्ट लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी एकाच गटाची चित्रफीत दाखवली होती. गटाने चांगलं काम केलं असं ज्यांना सांगितलं, त्यांना नेत्याच्या वागण्यात नेतृत्व जास्त दिसलं. म्हणजे समाधानावरून नेतृत्व ठरण्याची उलटी वाटही उघडीच आहे.

दुसऱ्या फेरीत फक्त समाधान विचारा. फॉर्म इन्चार्जच्या हातून वाटू नका, बंद पाकिटात परत घ्या. पहिल्या फॉर्मवर सांकेतिक क्रमांक होता का?

प्रबंधवाली: नाही हो. फक्त वॉर्ड लिहिलाय. नेतृत्वाच्या गुणांचा आयसीसी-१ (एकाच वॉर्डातल्या जणींची मतं किती जुळतात याचं माप) ०.१२ आहे.

आकडेमोड: मग व्यक्तीशी व्यक्ती जुळणार नाही, वॉर्डच्या सरासरीवरच काम करावं लागेल.

तिसरी_पाळी: आणि ती सरासरी कच्ची आहे. ०.१२ आणि ७ जणी धरून आयसीसी-२ (वॉर्डच्या सरासरीची विश्वासार्हता) काढा: (७ × ०.१२) ÷ (१ + ६ × ०.१२) = ०.४९. ०.७० हवा असेल तर वॉर्डमागे साधारण १७ जणी लागतात. त्यामुळे ‘अर्ध्या जणींकडून नेतृत्व, अर्ध्यांकडून समाधान’ हा एरवी चांगला उपाय इथे करू नका, सरासरी आणखी ढासळेल. रात्रपाळीवाल्या आणि बदलीवर आलेल्याही घ्या, पण त्या वॉर्डात किमान सहा महिने झालेल्याच. शिवाय ३० वॉर्डांवर सहसंबंध ०.३६च्या वर गेला तरच ५ टक्के पातळीवर लक्षणीय ठरेल. वॉर्ड वाढवता आले तर आधी तेच बघा.

आकडेमोड: हजेरीपटावरून वॉर्डनिहाय अचानक रजा मिळतात का, मेट्रनना विचारा. तो आकडा कुणाच्या मतावर चालत नाही. सहसंबंधावरून कारण ठरत नाही, म्हणून शीर्षकात ‘परिणाम’ असेल तर बदलाचा अर्ज आत्ताच टाका, समितीत वेळ जातो.