रहाट आणि मोट एक नव्हे

विहिरीतून पाणी काढण्याच्या साधनांबद्दल 'रहाट म्हणजेच मोट' असा अर्थ कुणी दिला, तर तो मला पटत नाही. चोपड्याकडच्या आमच्या मळ्यात मोट होती, म्हणजे बैलांकडून विहिरीतलं पाणी ओढायची मोठी कातडी पिशवी. तिला दोन दोर: जाड नाडा वरच्या चाकावरून, बारीक सोंदूर काठावरच्या आडव्या रुळावरून. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतारावरून, उतरले की मोट वर येई, तिच्या सोंडेतून पाणी काठावरच्या थारोळ्यात, म्हणजे लहान हौदात, पडे. मग बैल मागे मागे चढवत न्यायचे. विहिरीच्या दगडावर दोरांनी पडलेल्या खाचांत आजही बोट बसतं.

रहाट हे फिरणारं चाक. मूळ संस्कृत 'अरघट्ट'. त्यातला अर म्हणजे चाकाचा आरा. चाकावर गाडग्यांची माळ सोडली की झालं रहाटगाडगं. भरलेली गाडगी वर येऊन रिती होतात, रिती पुन्हा खाली जातात, मध्ये खंड नाही. म्हणून 'संसाराचं रहाटगाडगं' म्हणतात. 'संसाराची मोट' म्हटलं तर तो अर्थच येत नाही. पाणी खोल गेलं की माळ लांबते, जड होते. तिथे मोटच बरी.

आणि 'मोट बांधणे' मधली मोट म्हणजे गाठोडं. तिचा विहिरीशी संबंध जोडू नये.