पंप साडेसहाला, मग डबा भरायचा कधी?

बी ३०४ ताई (सकाळी ८:५२): नमस्कार सगळ्यांना. आज सलग चौथा दिवस, पंप साडेसहाला लागला. रात्रीत टाकी रिकामी होते आणि मला ७:१० ला घर सोडावं लागतं. चार दिवस मुलाच्या डब्यात ब्रेड-जाम, आणि आम्ही दोघं बोरिवली स्टेशनबाहेरचा वडापाव खातोय. यांना डॉक्टरांनी साखर सांभाळायला सांगितलीय, हे ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे.

सेक्रेटरी: ताई, फलकावर सूचना लावली होती. ए १०१ ची तक्रार होती म्हणून वेळ बदलली. मीटिंगला आला असतात तर बोलता आलं असतं.

बी ३०४ ताई: मीटिंग शनिवारी ११ ला होती. शनिवारी मला ऑफिस असतं, हेही सगळ्यांना माहीत आहे.

ए १०१ आजोबा: पंपरूम माझ्या खिडकीखाली आहे. पावणेपाचला पंप लागायचा. वय ७८. मी कुणाच्या डब्याच्या विरोधात नाही.

सी ५०२ काका: वर्तमानपत्रात पोळ्या गुंडाळू नका. शाईत शिसं असतं. अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी एफएसएसएआयने सप्टेंबर २०२३ मध्येच बजावलंय. 🙏

ए ६०३: काका, विषय पाण्याचा चाललाय.

बी २०१ वहिनी: एवढं काय त्यात? रात्री भात जास्त लावायचा, सकाळी फोडणी द्यायची. पाणी लागत नाही, पाच मिनिटांत डबा तयार.

ए ४०४ ताई: वहिनी, भाताचं तेवढं नका करू. हॉस्पिटलच्या किचनमध्ये आहे म्हणून सांगते. तांदळातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं एक विष फोडणी देऊनही जात नाही. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलाच पाहिजे. त्यात हा मे महिना.

बी २०१ वहिनी: आमच्या आजेसासूबाईंनी आयुष्यभर शिळा भात खाल्ला.

ए ४०४ ताई: त्या सकाळी सातला खायच्या ना? आपला डबा विरार लोकलच्या गर्दीत उकडून दीडला उघडतो.

सी ३०२: ३०४ ताई, तुमचा मुलगा तर ब्रेड-जामवर खूश असेल 😄

बी ३०४ ताई: खूश आहे, त्याचीच तर काळजी आहे.

बी २०१ वहिनी: सी ३०२, तुमची स्कूटर परत पंपरूमच्या दारात आहे. दार उघडायला स्कूटर हलवावी लागते, वॉचमन मला दोनदा म्हणाला.

सी ३०२: माझ्या जागेवर सी विंगच्या पाहुण्यांची गाडी असते. तेव्हा कुणी बोलत नाही.

सेक्रेटरी: पार्किंगचा विषय वेगळा. कृपया.

सी ५०२ काका: वर्तमानपत्रात पोळ्या गुंडाळू नका. 🙏

ए ६०३: आमचा डबा डबेवाले मामा नऊनंतर नेतात, फोर्टला जेवायच्या वेळेला पोचतो. १८९० पासून चाललेली सोय आहे, वापरा की.

बी ३०४ ताई: नऊला आमच्या घरी आहे कोण डबा द्यायला? सासूबाई गावी आहेत.

ए ४०४ ताई: ३०४, रात्रीच भेंडी धुऊन, पुसून ठेवा. गवार निवडून ठेवा. कणीक फ्रिजमध्ये. मूग सकाळी भिजवले तर रात्री फडक्यात बांधता येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात साधारण अर्धं ताट भाज्या-फळांचं आहे, आपल्या डब्यात भाजीची डबी सगळ्यात लहान असते. काकडी आख्खी न्या, तिथे चिरा. आणि जेवणावर लगेच चहा नको, अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तासभर थांबा.

सी ३०२: जेवणानंतरची कटिंगपण बंद? 😭

बी ३०४ ताई: ताई, निवडणं-चिरणं मी रात्री करतेच. पण कुकरला पाणी लागतं, डाळ धुवायला लागतं, कालचे तेलकट डबे घासायला लागतं. मुलाच्या डब्याला कालच्या भाजीचा वास येत होता, तो मी ओल्या फडक्याने पुसून दिला. याची मला लाज वाटते. चांगलं खा म्हणून सगळे सांगतात, मला सकाळी एक तास पाणी द्या.

बी २०१ वहिनी: हे खरं आहे. माझेही डबे तसेच पडलेत.

ए ६०३: +१

ए १०१ आजोबा: पावणेपाच नको. साडेपाचला लावा. तेव्हा मी उठलेलाच असतो. पंपाखाली रबराचे पॅड बसवा म्हणून दोन वर्षं सांगतोय.

सेक्रेटरी: आजोबा, आभारी आहे. उद्यापासून साडेपाच. पॅडसाठी प्लंबरला रविवारी बोलावतो. सी ३०२, स्कूटर आज रात्रीच हलवा.

सी ३०२: हलवतो. पाहुण्यांच्या गाडीचंही लिहा फलकावर.

सी ५०२ काका: वर्तमानपत्रात पोळ्या गुंडाळू नका. सुती फडकं वापरा. वाफ जाऊ द्या, मगच झाकण लावा. 🙏

बी ३०४ ताई: काका, फडकंच वापरते. उद्या पडवळाची डाळ घालून भाजी करणार आहे. आजोबा, एक वाटी खाली पाठवते.

ए १०१ आजोबा: मीठ बेताने घाल. बीपी आहे.